बाहेरचं युनिट

एसी घ्यायचं ठरलं की घरात पहिला प्रश्न येतो, 'किती टनाचा?' दुसरा, 'कुठल्या कंपनीचा?' दुकानातही हेच दोन प्रश्न विचारतात. गेल्या वर्षी अंधेरीच्या आमच्या घरासाठी मशीन निवडताना चांगले तीन महिने गेले, पण या दोन प्रश्नांपायी नाही. आमचं अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. थंडावा कोणाच्या खोलीत जाणार, आणि आतली गरमी कोणाच्या दारात टाकली जाणार?

आमची जुनी इमारत पाडून नवी उभी राहिली आणि आम्ही टू बीएचकेमध्ये आलो. हॉल, दोन बेडरूम. बिल्डरनं तिन्ही खोल्यांच्या भिंतींत एसीच्या पाइपांसाठी भोकं ठेवली, पण बाहेरच्या युनिटसाठी लेज मात्र एकच दिला, तोही बाजूच्या अंगाला. दर्शनी भिंतीवर डबे लटकवायचे नाहीत असा सोसायटीचा नियम. त्यामुळे दुकानदारानं लगेच तोडगा काढला: "मॅडम, मल्टी-स्प्लिट घ्या. बाहेर एकच युनिट, आत तीन. तिन्ही खोल्या गार." कागदावर हे फार सुंदर दिसतं. एक डबा, तीन खोल्या, कोणाची तक्रार नाही.

आमच्या घरात एसीची मागणी पहिल्यांदा झाली ती रमजानमध्ये. २०१८ आणि २०१९ चे रोजे मे-जूनमध्ये आले होते, चौदा-साडेचौदा तासांचे. असरनंतर मुलं ओला टॉवेल डोक्यावर घेऊन लादीवर पडायची. आता रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकत फेब्रुवारी-मार्चमध्ये आला आहे. २०३० मध्ये तर तो एकाच इंग्रजी वर्षात दोनदा सुरू होईल, जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरच्या शेवटी. म्हणजे रोज्याची सबब संपली. उरली ती मुंबईची रात्र.

मुंबईची रात्र हा निराळाच प्रकार आहे. सांताक्रूझच्या वेधशाळेत नोंदलेला उच्चांक ४२.२ अंशांचा, एप्रिल १९५२ मधला. नागपूर-चंद्रपूरवाल्यांना हा आकडा ऐकून हसू येईल. पण इथं पारा चौतीसवर असतानाही माणूस हैराण होतो, कारण घाम वाळत नाही. घाम वाळला तरच अंग गार होतं, आणि हवेतच पाणी भरलेलं असेल तर तो वाळणार कुठं? म्हणून आपल्याकडे एसीचं निम्मं काम गार करण्याचं आणि निम्मं हवेतलं पाणी काढण्याचं. गंमत म्हणजे या यंत्राचा जन्मच पाण्यासाठी झाला. १९०२ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका छापखान्यात दमट हवेनं कागद फुगायचा, रंग एकावर एक नीट बसायचे नाहीत, म्हणून विलिस कॅरियर या तरुण इंजिनिअरनं ते तयार केलं. माणसाच्या सुखासाठी नाही, कागदाच्या सुखासाठी!

माझी धाकटी बहीण कॅनडात ओटावाला असते. तिनं माझ्या आधी हेच यंत्र निवडलं होतं, फक्त उलट्या कामासाठी. तिकडे त्याला हीट पंप म्हणतात. आपला एसी खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. तिचा बाहेरच्या बर्फाळ हवेतली उष्णता उचलून आत आणतो. उणे पंधरा अंशांच्या हवेत कसली आली उष्णता, असं मी तिला विचारलं होतं. पण असते. बाहेरच्या नळीतला गॅस त्या हवेपेक्षाही थंड केला की उष्णता आपोआप त्याच्याकडे जाते, मग कॉम्प्रेसर त्याला दाबतो, गॅस तापतो, आणि ती गरमी खोलीत सोडतो. साध्या विजेच्या हीटरला एक युनिट वीज दिली की एकच युनिट उष्णता मिळते. हीट पंप तीच वीज उष्णता वाहून आणायला वापरतो, त्यामुळे कडाक्याच्या थंडीतही चांगलं मशीन दुपटीच्या आसपास देतं, आणि थंडी सौम्य असेल तर तिप्पट किंवा त्याहून जास्त. नॉर्वे, स्वीडन, फिनलंडसारख्या थंड देशांतच हे पंप घरोघरी दिसतात. कॅनडा सरकारनं २०२१ पासून काही वर्षं त्यासाठी ५,००० डॉलरपर्यंत अनुदानही दिलं. आपल्याकडे 'हॉट अँड कोल्ड' म्हणून जो एसी मिळतो, तो हाच. सांताक्रूझचा नीचांक ७.४ अंशांचा आहे, जानेवारी १९६२ मधला, त्यामुळे त्यातल्या 'हॉट'साठी मुंबईकरानं पैसे मोजायचं कारण नाही.

तिच्याकडेही ठेकेदारानं बाहेर एक आणि आत चार असाच प्रस्ताव ठेवला होता. तिनं तो नाकारला. "आपा," ती फोनवर म्हणाली, "तो एक मोठा डबा मोठ्या घरासारखाच विचार करतो. रात्री फक्त एका बेडरूमला थोडी ऊब हवी असते. त्याला तेवढं थोडं काम करताच येत नाही."

तिचं म्हणणं मला तेव्हा नीट कळलं नाही. कळलं ते माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यामुळे. आमच्या उर्दू शाळेतून दहावी झाल्यावर त्यानं आयटीआयला एसी-फ्रिजचा ट्रेड केला आणि आता गोरेगाव ते बोरिवली कामं घेतो. वर्गात मराठीच्या तासाला शेवटच्या बाकावर बसून वहीत पंख्याची चित्रं काढायचा. त्याला घर दाखवायला बोलावलं. त्यानं चहा घेतला, लेजवर डोकावला, टेप लावून खोल्या मोजल्या आणि मग मला मी शिकवते तसं शिकवलं.

इन्व्हर्टर मशीनचा कॉम्प्रेसर गरजेप्रमाणे हळू-जलद फिरतो, हे बरोबर. पण हळू म्हणजे किती हळू, याला खालची मर्यादा असते. तीन खोल्यांचं ओझं उचलणाऱ्या मोठ्या कॉम्प्रेसरची ही खालची मर्यादासुद्धा एका लहान बेडरूमच्या रात्रीच्या गरजेपेक्षा जास्त असू शकते. मग तो काय करतो? चालू, बंद, चालू, बंद. खोली लगेच गार होते, मशीन थांबतं, आतल्या जाळीवर जमलेलं पाणी पुन्हा हवेत मिसळतं. म्हणजे जुलैत तुम्ही गार पण ओलसर खोलीत झोपता आणि विजेचं बिल मोठ्या मशीनचं भरता. "मिस, एसटी बस काढून कोपऱ्यावर पाव आणायला जायचं, असं आहे ते," तो म्हणाला.

दुसरी गोष्ट त्यानं सांगितली ती बिघाडाची. तीन वेगळी मशीन असली आणि एक बंद पडलं, तर दोन चालू राहतात. मल्टी-स्प्लिटचा बाहेरचा कॉम्प्रेसर किंवा त्याचं कार्ड गेलं, तर मे महिन्यात तिन्ही खोल्या एकदम बंद. आणि समुद्राच्या खाऱ्या हवेत बाहेरच्या युनिटची जाळी लवकर खराब होते, हे अंधेरी-वर्सोव्याच्या माणसाला सांगायला नको. शिवाय प्रत्येक आतल्या युनिटला स्वतःची तांब्याची जोडी लागते. जोड जितके जास्त तितक्या गॅस सुटण्याच्या जागा जास्त.

मल्टी-स्प्लिट वाईट असं तो म्हणाला नाही, मीही म्हणत नाही. मोठं घर असेल, तीन-तीन खोल्या एकाच वेळी चालत असतील आणि बाहेर खरोखर जागाच नसेल, तर ते उपयोगी आहे. आमच्याकडे तिन्ही खोल्या एका वेळी गार करण्याचा प्रसंग वर्षातून किती वेळा येणार? ईदच्या दुपारी!

टनांचं गणित त्यानं दहा मिनिटांत संपवलं. टन म्हणजे मशीनचं वजन नव्हे. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जितकी उष्णता खेचून घेतो, तितकी उष्णता उचलण्याची ताकद. हा टन अमेरिकेतला, सुमारे ९०७ किलोचा. आजच्या मापात साडेतीन किलोवॅट. पश्चिमेची भिंत, वरचा मजला, काचेचं मोठं तावदान असेल तर गरज वाढते. आमची खोली मधल्या मजल्यावर, उत्तरेला. एक टन पुरे.

ताऱ्यांबद्दल एवढंच सांगते, की तारे मोजू नका, लेबलवर आयएसईईआर म्हणून जो आकडा छापलेला असतो तो बघा. जुलै २०२२ च्या निकषांनुसार स्प्लिट एसीत तीन तारे ३.८० पासून सुरू होत आणि पाच तारे ५.०० पासून. निकष दर काही वर्षांनी कडक होतात, त्यामुळे दुकानात पडून राहिलेला कालचा पाच तारेवाला आज पाचाचा असेलच असं नाही. लेबलवरची वार्षिक युनिटं १,६०० तास धरून काढलेली असतात. तुमचे तास किती, ते तुम्ही मांडा. रात्री आठ तास, वर्षातले एकशेवीस दिवस धरले तर ९६० होतात. तासांचा हिशेब यासाठी, की आपल्याकडे विजेचे दर टप्प्यांत आहेत: शंभर युनिटांपर्यंत, मग तीनशे, मग पाचशे, आणि त्यावर. अंधेरीत अदानी किंवा टाटाची वीज असो की मुलुंडला महावितरणची, टप्प्यांचं तत्त्व तेच. एसीची युनिटं नेहमी वरच्या, महागड्या टप्प्यात जाऊन बसतात. म्हणून सरासरी दरानं हिशेब केला तर बिल आल्यावर धक्का बसतो.

आता घरातला खरा वाद. दोनच मशीन घ्यायची तर कुठल्या दोन खोल्यांत? मुलगा बारावीचा, मुलगी नववीची, त्यांची एक खोली. आमची एक. अम्मी, म्हणजे माझ्या सासूबाई, हॉलमधल्या दिवाणावर झोपतात, कारण तिथल्या खिडकीतून फज्रची अजान स्पष्ट येते आणि दाराशी कोण आलं ते कळतं. दुकानदार, नातेवाईक, शेजारी, सगळ्यांनी गृहीत धरलं की दोन मशीन म्हणजे दोन बेडरूम. हॉलला एसी म्हणजे पैशाची नासाडी, कारण हॉल स्वयंपाकघराला उघडा. अम्मी स्वतःच म्हणाल्या, "मेरे को पंखा बस है. तुमच्या खोलीत लावा."

त्यांना पंखा पुरत नाही, हे मला माहीत होतं. सत्तरी उलटलेल्या माणसाला उकाडा तरुणांपेक्षा कमी जाणवतो आणि जास्त बाधतो. घाम कमी येतो, तहान उशिरा लागते. त्यात बीपीच्या काही गोळ्या लघवी वाढवून शरीरातलं पाणी कमी करतात. 'मला गरम होत नाही' हे म्हाताऱ्या माणसाचं वाक्य म्हणूनच भरवशाचं नसतं. वर आपल्या घरांतल्या बायकांना आयुष्यभर 'मला नको' म्हणायची सवय. एप्रिलमध्ये दोन दुपारी मी शाळेतून आले तेव्हा अम्मी घाबरल्यासारख्या बसलेल्या, ओठ कोरडे, आणि पाण्याची बाटली तशीच भरलेली. त्यानंतर मी यांना सांगितलं, पहिलं मशीन हॉलला. दुसरं मुलांना. आपण पंख्याखाली, आणि फारच झालं तर हॉलमध्ये गादी टाकू. यांनी मान हलवली. पैसे वाचले म्हणून असेल.

हॉल आणि स्वयंपाकघराच्या मध्ये सरकतं दार बसवलं. एसी २६-२७ वर आणि वर पंखा मंद, एवढ्यात अम्मींना थंडी वाजत नाही, गुडघेही दुखत नाहीत. जानेवारी २०२० पासून नवे एसी २४ वरच सुरू होतात, कारखान्यातूनच तशी सोय असते. लोक तिथून खाली १८ पर्यंत जातात आणि मग गोधडी घेतात.

राहिला लेज. मघाशी म्हटलं तसा तो बाजूच्या अंगाला. त्याच्या समोर बारा-चौदा फुटांवर जुनी चाळ आहे, तळमजला आणि माळा, वर पत्रा. आमच्या लेजच्या बरोबर समोर माळ्यावरच्या एका खोलीची खिडकी येते. त्या खोलीला तेवढी एकच. तिथं सगळे जिला खाला म्हणतात ती बाई दिवसभर शिलाई मशीनवर बसलेली असते, उजेडासाठी खिडकीशी.

एक टनाचं मशीन पूर्ण ताकदीनं चालतं तेव्हा खोलीतली साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर टाकतं, आणि स्वतः खाल्लेली सुमारे एक किलोवॅट वीजही शेवटी गरमी होऊन तिथूनच बाहेर पडते. म्हणजे साडेचार किलोवॅट. हजार वॅटच्या साडेचार इस्त्र्या तापवून कोणाच्या खिडकीकडे तोंड करून ठेवल्यासारखं. मल्टी-स्प्लिट लावलं असतं तर त्याच एका जागी याच्या दुपटीहून जास्त. आमच्या इमारतीत त्या बाजूला अशी सात घरं आहेत, एकावर एक.

उर्दूत शेजाऱ्याला हमसाया म्हणतात. फारसीतून आलेला शब्द: हम म्हणजे सोबतचा, साया म्हणजे सावली. एका सावलीत राहणारा. दरवर्षी सातवीच्या वर्गात मी हा शब्द फोडून शिकवते आणि मुलांना तो आवडतो. सूरह निसाच्या ३६व्या आयतीत नात्यातल्या शेजाऱ्याचा आणि परक्या शेजाऱ्याचा वेगवेगळा उल्लेख आहे, म्हणजे ओळख नाही ही सबब तिथं चालत नाही. उस्मानी राजवटीत १८६९ ते १८७६ या काळात 'मजल्ला' नावाची दिवाणी संहिता तयार झाली. तिच्यात तर शेजाऱ्याला होणाऱ्या त्रासावर कलमंच आहेत. घराला लागून लोहारशाळा किंवा गिरणी काढली, भट्टीचा धूर शेजारच्या घरात राहणं अशक्य करू लागला, तर तो त्रास दूर करायला हवा. एसी तेव्हा नव्हता. पण भट्टीत आणि बाहेरच्या युनिटमध्ये, समोरच्या खिडकीच्या दृष्टीनं, मला फार फरक दिसत नाही.

हे मी घरात बोलले तेव्हा मुलगा म्हणाला, "मम्मी, सगळेच लावतात." खरं आहे. सगळेच लावतात, म्हणूनच त्या खिडकीशी सात घरांची गरमी येते.

ओटावाच्या बहिणीला ही अडचण सांगितली तर ती हसली. तिचं बाहेरचं युनिट बर्फात बुडू नये म्हणून उंच स्टँडवर परसात उभं आहे, थंड वारा फेकतं आणि पुढं कोणीच नाही. "तुझी साडेचार इस्त्री माझ्याकडे पाठव," म्हणाली.

शेवटी मार्ग काढला तो त्या जुन्या विद्यार्थ्यानं. हॉलचं युनिट लेजवर नको, रस्त्याच्या बाजूला आमच्या सुक्या बाल्कनीत, जमिनीवर स्टँडवर. तिथून गरम हवा मोकळ्या रस्त्यावर जाते, आणि सोसायटीचा नियमही मोडत नाही कारण भिंतीवर काही लटकत नाही. तांब्याची नळी पंधरा-सोळा फूट जास्त लागली, त्याचा खर्च वेगळा, आणि कपडे वाळत घालायची निम्मी जागा गेली. मुलांच्या खोलीचं मात्र लेजवरच ठेवावं लागलं. त्याच्या तोंडाशी त्यानं पत्र्याच्या तिरक्या पट्ट्या बसवून घेतल्या, म्हणजे हवा सरळ न जाता वर जाते. पट्ट्यांमुळे हवा अडली तर मशीनलाच त्रास होतो, म्हणून त्यांच्यात अंतर बरंच ठेवलं. तो डबा आम्ही फक्त रात्री अकरानंतर लावतो, तेव्हा खालाचं शिलाई मशीन बंद असतं. तेवढंच आमच्या हातात होतं.

फिटिंगच्या दिवशी तो स्वतः उभा राहिला. त्याच्या तीन अटी होत्या, त्या तुमच्यासाठी लिहून ठेवते, कारण दुकानातून येणारी घाईतली पोरं बऱ्याचदा हेच टाळतात: जोड झाल्यावर नायट्रोजननं प्रेशर तपासायचं, पंप लावून व्हॅक्यूम काढल्याशिवाय गॅस सोडायचा नाही, आणि पाण्याच्या पाइपला उतार हवाच. आणखी एक, त्याच्यासाठी महत्त्वाची. लेजवर काम करणाऱ्याला पट्टा आणि पट्टा अडकवायला लोखंडी कडी हवी. आमच्या लेजला कडी नव्हती. त्यानं काम थांबवून ती आधी ठोकून घेतली. या कामात पडून मेलेली पोरं त्यानं पाहिली आहेत, एवढंच म्हणाला आणि ड्रिल हातात घेतलं. बाहेरच्या युनिटची जागा ठरवताना 'सर्व्हिसिंगला माणूस उभा कुठं राहील' हा प्रश्न कुठल्याच दुकानात कोणी मला विचारला नव्हता.

मे महिन्यात मी खालाकडे ब्लाऊज टाकायला गेले तेव्हा तिला विचारलं. म्हणाली, "तुमच्या डब्याचा आवाज येतो रात्री, हवा नाही लागत. वरच्यांची लागते." वरच्या घरात मल्टी-स्प्लिट आहे. त्यांना मी काय सांगणार? त्यांनीही सोसायटीनं दिलेल्या जागेतच लावलंय.

जूनच्या सभेत मी अर्ज दिला की त्या बाजूची बाहेरची युनिटं गच्चीवर नेण्याची सोय करावी, निदान वरच्या दोन मजल्यांसाठी, कारण नळी फार लांबली की मशीनचा जोर कमी होतो आणि खालच्यांना ते परवडणार नाही. सेक्रेटरींनी गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा मुद्दा काढला, तो खोटा नाही. विषय पुढच्या सभेवर ढकलला आहे. अम्मी रात्री एक वाजता उठून एसी बंद करतात आणि खिडकी उघडतात, अजानसाठी. मी काही बोलत नाही. एकपर्यंत त्यांची झोप झालेली असते.